चाईची इंजेक्शनं

"आराम से, डॉक्टरसाब, आराम से!" बाबा ओरडले. सुई माझ्या डोक्यात, बोंब त्यांची. दिल्लीतल्या आमच्या द्वारकेवरून उतरणारं विमान घाबरून बहुधा जयपूरला परत गेलं.

रुपयाएवढी चाई पडली होती मला. दर महिन्याला बाबा स्कूटरवरून न्यायचे. टोचून टोचून डोक्याची अशी चाळण झाली होती की न्हाताना पाणी नाकातून यायचं. केस उगवले मोजून सात.

पुढे चालू ठेवायचं का, ते तुम्हीच ठरवा, असं डॉक्टर म्हणाले. मला नको होतं, पण बाबांची आशा मोडवत नव्हती. बाहेर नेहमीची गरम जिलेबी खाताना (तशी जिलेबी पुन्हा मिळाली नाही) मी विचारलं, "बाबा, बंद केलं तर वाईट वाटेल तुम्हाला?"

"नाही गं. मला सुई बघवत नाही."