पन्नास हजारांतले दोघे

दर शुक्रवारी पेचेलची, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतल्या उकडलेल्या भाज्यांची, टोपली विकून रिकामी करून सुमिनाह घरी यायची. मग ओला फडका आणि प्लास्टिकचं स्टूल घेऊन ती गल्लीच्या तोंडाशी जायची आणि मुलाचं तोंड पुसायची.

मुलगा कापडी फलकावर होता. गल्लीतल्या पोरांनी हौसेनं दोन बांबूंना बांधलेला तो फलक. गालिह मावसभावाच्या लग्नातला कोट घालून हसतोय आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'आमच्या गल्लीचा गालिह! ५०,०००+ डाउनलोड!' उन्हानं लाल अक्षरं उडून गेली. आकडा काळ्या रंगात होता म्हणून तेवढा राहिला. मध्ये निवडणूक येऊन गेली. उमेदवारांनी आमच्या क्लातेन गावातला एकही खांब सोडला नाही, पण या दोन बांबूंना कुणी हात लावला नाही. मेलेल्या पोराचा फलक कोण उतरवणार?

मी शेजारची. आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि तीही जाड नाही.

गालिहनं केलेल्या ॲपचं नाव 'दिना'. जन्मतारीख घातली की माणसाचा बाजारवार, म्हणजे आमच्या पाच दिवसांच्या बाजारचक्रातला त्याचा वार, सांगायचं. मृत्यूची तारीख घातली की सातव्याचं, चाळिसाव्याचं, शंभराव्याचं, हजाराव्याचं जेवण कधी घालायचं ते सांगायचं. आधी त्यासाठी मोदिनकडे, म्हणजे आमच्या मशिदीतल्या दुआ म्हणणाऱ्याकडे जावं लागे. तो घरी नसला तर बोटं मोजत बसावं लागे. गालिहनं ते फोनात आणलं, लोकांनी घेतलं आणि फलक लागला.

फलक लागला त्या दिवशी मी परजियोकडे, सुमिनाहच्या नवऱ्याकडे, नातवाची शाळेची चड्डी शिवायला टाकायला गेले होते. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन. पोरगा पेढे वाटावेत तसा फोन दाखवत फिरत होता. बापानं मशीन थांबवलं, चष्मा वर केला, फोन लांब धरून बघितला.

"यात सूर्यास्त कुठंय?"

"कसला सूर्यास्त, बापाक?"

"मगरिबची अजान झाल्यावर माणूस गेला तर तो दुसऱ्या दिवसात गेला. तुझं यंत्र विचारतं का ते?"

"पन्नास हजार लोकांनी घेतलंय. एकाचीही तक्रार नाही."

"तक्रार कोण करणार, मेलेला? आणि पन्नास हजार मोजले कुणी? ती नाक्यावरची खानावळ बघ, 'रोज हजार ताटं' लिहिलंय. आत जाऊन बघ, मालक झोपलेला असतो."

मी हसले. हसू नये हे कळायच्या आत हसले. गालिहचे कान लाल झाले. तो फोन घेऊन आत गेला, आणि त्यानंतर बापलेकांचं बोलणं सुमिनाहमार्फत सुरू झालं. 'तुझ्या पोराला सांग, दिवा घालव.' 'बापाकला सांग, मी जेवून आलोय.' ती बिचारी दोन खोल्यांमध्ये पोस्टमन.

ते मिटायच्या आतच गालिहला डेंग्यूचा ताप आला. सव्वीस वर्षांचा पोरगा, पाच दिवसांत गेला. मंगळवारी गेला, पण मगरिबची अजान होऊन गेली होती. परजियो तेव्हा इस्पितळाच्या आवारात हातपाय धूत होता. अजान संपली आणि वरून सुमिनाहचा आवाज आला. हा क्रम तो कधी विसरला नाही.

पहिली जेवणं मोदिननं सांगितली तशी झाली, कारण तेव्हा सुमिनाह भानावरच नव्हती. हजारावं जवळ आलं तेव्हा मात्र ती पुरती भानावर होती. हे जेवण शेवटचं. त्यानंतर थडग्यावर दगड बसतो, आणि घरानं त्या माणसासाठी काही रांधायचं उरत नाही. तिनं आपल्या फोनात 'दिना' उघडलं, मंगळवारची तारीख घातली. उत्तर आलं, शनिवारी संध्याकाळी.

"रविवारी," परजियो म्हणाला.

"शनिवारी. त्याच्या ॲपवर शनिवार आहे."

"ॲपवर चूक आहे."

"अख्ख्या मुलखानं त्याचं मानलं आणि त्याच्याच घरात त्याचं मानायचं नाही? शेवटच्या जेवणाला तरी त्याला खोटं पाडू नका."

परजियोनं मशीन चालवलं. सुमिनाह मोदिनकडे गेली. तो म्हणाला, "आधी घरात एकमत करा, इबू. मी दोन्ही दिवस मोकळा आहे." गल्लीतल्या बायकांना तर विषयच मिळाला. "दोन्ही दिवस घाला की, आम्हाला दोन डबे मिळतील," असं एक जण म्हणाली. ते सुमिनाहच्या कानावर गेलं, आणि तिनं त्या बाईला मदतीला बोलावलं नाही.

गुरुवारी हानुंग आला. हा गालिहचा कॉलेजातला मित्र. ॲपमध्ये त्याचाही थोडा हात होता, आणि आता तो जोगजा शहरात नोकरी करतो. सुमिनाहनं चहा ठेवला, तळलेली केळी पुढे केली. त्यानं एकही उचललं नाही, तेव्हाच मला कळलं की हा काहीतरी सांगायला आलाय.

"इबू, 'दिना' काढून टाकणार आहेत. महिनाअखेरीस. फार जुनं झालंय, नव्या फोनांवर नीट चालत नाही."

"मग तू नीट कर."

"नोकरीतून होत नाही, इबू. खरंच."

"आणि ते पन्नास हजार लोक? ते काय करतील?"

हानुंग माझ्याकडे बघायला लागला. मी केळं खाल्लं.

"इबू, तो आकडा घेणाऱ्यांचा असतो, ठेवणाऱ्यांचा नाही. कुणी सकाळी घेतलं आणि दुपारी काढून टाकलं, तरी आकडा तेवढाच राहतो. तो खाली येतच नाही. आणि सुरुवातीचे काही तर आम्हीच पैसे देऊन आणले होते. सगळेच करतात. नवीन खानावळीत आपलीच माणसं आणून बसवतात ना, तसं."

सुमिनाह माझ्याकडे वळून म्हणाली, "मर्सिह, ते तेल आठवतं?"

आठवत होतं. बाजारात एक मुलगी टेबल टाकून बसली होती. तिचं कसलंसं ॲप घेतलं की तेलाची पिशवी फुकट. आम्ही दोघी रांगेत उभ्या राहिलो, ॲप घेतलं, तेल घेतलं आणि घरी येईपर्यंत दोघींनी ते काढूनही टाकलं. नाव काय होतं तेसुद्धा वाचलं नव्हतं. त्या टेबलामागेही मोठा फलक होता, त्यावरही आकडा होता. परत येताना आम्ही किती हसलो होतो.

"म्हणजे कुणीच नाही?" तिनं हानुंगला विचारलं.

त्यानं आपल्या फोनात बघितलं. "वर्षातून कधीतरी उघडणारे आहेत थोडे. रोज उघडणारे दोन. दोघंही इथलेच, क्लातेनचे."

"एक मी. पहाटे नमाजाला उठले की उघडते. दुसरं कोण?"

"नाव कळत नाही, इबू. पण एक गंमत आहे. त्या दुसऱ्या फोनातलं 'दिना' गालिहनं कधी लोकांसाठी टाकलंच नव्हतं. तुमच्यापेक्षा नवं आहे ते. कुणालातरी त्यानं स्वतःच्या हातानं दिलं असणार."

स्वतःच्या हातानं. हानुंग गेला तरी सुमिनाह ते दोन शब्द तोंडात घोळवत होती. इतक्या महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर असं काही मी बघितलं नव्हतं. "पोरगी असणार, मर्सिह. आपल्याला न सांगता... आणि अजून रोज उघडते बघ. तिला बोलवायला हवं. तिचा डबा वेगळा बांधायचा."

मी म्हटलं, "असेलही." दुसरं काय म्हणणार?

त्याच दुपारी ती मला झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या वुलानशी गालिह बोलताना तिनं दोनदा पाहिलं होतं. वुलान आता पोटुशी, लग्न झालेली. काउंटरमागून उठली, सुमिनाहच्या हाताला कपाळ लावलं.

"'दिना'? हो, त्यांनी सांगितलं म्हणून घेतलं होतं, इबू. मग फोन भरला..." तिनं खाली बघितलं. "माफ करा. फार पूर्वीच काढलं."

"अगं, त्यात काय," सुमिनाह म्हणाली. "आम्हीपण काढतो. तेलाची पिशवी मिळाली की काढतो."

तरी तिनं एक डबा वेगळा ठेवलाच. बाकीच्यांना साधी सुतळी होती, त्याला परजियोच्या दुकानातली निळी फीत लावून ठेवली. "येईल, नाही आली तर तू घे," मला म्हणाली.

शुक्रवारी दुपारी आपेमचं, म्हणजे मेलेल्यांच्या जेवणात लागतात त्या जाड घावनांचं, पीठ भिजवायची वेळ आली. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि खमीर. एका रात्रीत हे पीठ फुलतं, दुसऱ्या रात्री आंबट होतं. म्हणजे आज भिजवलं तर जेवण शनिवारीच झालं पाहिजे. परजियो जुम्म्याच्या नमाजाला गेला होता. सुमिनाहनं घमेलं पुढे ओढलं आणि पिठात हात घातला. "तो येईपर्यंत भिजवून टाकते. मग काय बोलेल?"

घमेल्यावर टाकायला मोठं कापड हवं होतं म्हणून ती पुढच्या खोलीत गेली, आणि मागोमाग मी. मशीनमागच्या फळीवर कापडांचे गठ्ठे होते. तिनं एक गठ्ठा ओढला आणि त्यामागे रिळांच्या डब्याला टेकवलेला गालिहचा फोन दिसला. चार्जिंगला लावलेला. कोपरा फुटलेला, मागे फुटबॉल क्लबचं चिकटपत्र. तिनंच तो गालिहच्या शर्टात गुंडाळून कपाटात, सगळ्यात खाली ठेवला होता.

तिचे हात पिठाचे होते. तिनं ते कमरेला गुंडाळलेल्या सारुंगला पुसले आणि फोन उचलला. 'दिना' उघडंच होतं. सवयीनं तिनं मंगळवारची तारीख घातली. तिच्या फोनात लगेच उत्तर यायचं. इथे उत्तर आलं नाही, प्रश्न आला. सूर्यास्तापूर्वी की सूर्यास्तानंतर?

काचेवर पिठाचा पांढरा ठसा. मग तिनं 'नंतर' वर बोट ठेवलं.

रविवारी संध्याकाळी.

परजियो कधी आला ते आम्हाला कळलं नाही. टोपी हातात घेऊन दारात उभा होता. मी निघायला लागले, पण दार तोच अडवून उभा, तर जाणार कुठून?

"केव्हापासून?" सुमिनाहनं विचारलं.

"चाळिसावं झालं त्यानंतर. चार्ज होतोय का बघायला लावला."

"त्यानं केलं होतं."

"त्याच आठवड्यात. तारीख आहे तिथं. मी बोललो त्याच्या तिसऱ्या दिवशी."

"आणि मला सांगितलं नाहीत? मी शनिवार शनिवार करत गावभर फिरले, त्या वुलानच्या दारात गेले, तरी सांगितलं नाहीत?"

परजियोनं टोपीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "काय सांगू? पोरानं माझं ऐकलं होतं आणि मी महिनाभर त्याला दिवा घालव म्हणत होतो, हे सांगू?" मग म्हणाला, "तो दाखवायला आला होता एकदा. रात्रीचं जेवण झाल्यावर. दारात उभा राहिला, हातात फोन. मी म्हटलं, गणवेश उद्या द्यायचेत, आईला सांग काय ते."

सुमिनाहनं फोन जिथं होता तिथं, रिळांच्या डब्याला टेकवून ठेवला. वायर नीट बसली का बघितलं. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं घमेल्यातलं कोरडं पीठ पुन्हा डब्यात भरलं. दूध अजून घातलं नव्हतं.

"उद्या भिजवू," ती मला म्हणाली. "उद्या ये."

रविवारी संध्याकाळी, अजान झाल्यावर, माणसं जमली. मोदिननं दुआ म्हटली, पुरुष चटईवर बसून मागे म्हणत होते. हानुंगही आला होता, मागच्या रांगेत. दोन दिवसांच्या डब्यांवरून बोललेली ती बाईसुद्धा न बोलावता आली आणि गुपचूप भांडी घासून गेली. सगळं झाल्यावर एकेकाच्या हातात डबा पडला. भात, कोंबडी, उकडलेलं अंडं, बटाट्याची तिखट भाजी, आपेम. चटया गुंडाळल्या. निळ्या फितीचा डबा तेवढा ओट्यावर उरला.

मी त्याच्याकडे बघतेय हे सुमिनाहनं बघितलं. तिनं डबा उचलला आणि बाहेर पायरीवर बसलेल्या परजियोच्या मांडीवर नेऊन ठेवला.

"हे काय? मी घरचाच."

"घ्या. दुसऱ्याचा आहे."

त्यानं फितीला हात लावला. त्याच्याच दुकानातली होती, त्यानं ओळखली असणार. गाठ सोडायला त्याला वेळ लागला. दिवसभर सुईत दोरा ओवणारा माणूस, पण गाठ सुटेना. शेवटी सुमिनाह शेजारी बसली आणि तिनं सोडली.

सकाळी माझी पातेली आणायला गेले तेव्हा डबा मशीनवर होता. भात तसाच, कोंबडी तशीच. आपेम तेवढा संपला होता.

"अंडंसुद्धा खाल्लं नाही," सुमिनाह म्हणाली आणि डबा झाकून ठेवला. "पीठ आंबट नव्हतं ना झालं गं?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर झालं होतं."