सात टेकड्यांचे मामेसासरे

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की बहारीन हे बेट सपाट आहे. ही गोष्ट तिथे राहणाऱ्या झाडून सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणालाही तिचं काही वाटत नव्हतं. माझ्या मामेसासऱ्यांनी मात्र ती वैयक्तिक अपमान म्हणून घेतली होती. आजवर एखाद्या शहराच्या प्रेमात पडलेल्या सगळ्या माणसांना तराजूच्या एका पारड्यात घाला आणि दुसऱ्यात मामांना एकट्याला बसवा. पारडं मामांकडेच झुकेल, आणि झुकता झुकता मामा सांगतील, की कंपालातले रस्ते अस्से उतरतात.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे धाकटे मामा. मूळचे साताऱ्याचे. सात डोंगरांच्या गावातून विशी-पंचविशीत उठले ते थेट युगांडाच्या राजधानीत, कंपाला या सात टेकड्यांच्या शहरात जाऊन उतरले. तिथल्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून त्यांनी बावीस वर्षं नळांचे नकाशे काढले. बहात्तर साली तिथल्या सगळ्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा मामा-मामी दोन बॅगा घेऊन निघाले. विमानतळाच्या वाटेवर एका शिपायानं त्यांच्या नकाशांची पत्र्याची नळी काढून घेतली. ही गोष्ट मामांनी मला एकदाच सांगितली आणि लगेच चष्मा पुसत म्हणाले, "नकाशे गेले म्हणून काय झालं, जावईबापू? काढले कोणी होते?"

त्यानंतर ते बहारीनला एका इंजिनिअरिंग कंपनीत लागले, नईम वस्तीत आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आले, आणि गेलेले नकाशे पुन्हा काढायला लागले. कशावरही काढायचे. सिगारेटच्या पाकिटावर, लग्नपत्रिकेच्या मागे, मामींच्या पोळपाटावरल्या पिठात. पण त्यांचं खरं माध्यम म्हणजे भात. मामांच्या पंगतीला बसलेल्या माणसाला कंपाला टळत नसे. पानातल्या भाताचे ते बोटांनी सात ढीग करत. "हा नाकासेरो, इथे साहेबलोक. हे मेंगो, इथे राजा, त्याला म्हणायचं कबाका. ही समोरची मूळ कंपाला टेकडी, राजाची हरणं इथे चरायची, त्या हरणांवरूनच शहराचं नाव पडलं. मग एक इंग्रज कप्तान आला आणि त्यानं नेमका राजाच्या डोळ्यांसमोर किल्ला बांधला." एवढं झालं की आमटीची वाटी पानाच्या कडेला उपडी करायची आणि जाहीर करायचं, "व्हिक्टोरिया सरोवर." मामी स्वयंपाकघरातून ओरडत, "ते सरोवर आता दुसऱ्यांदा मिळायचं नाही."

देवळांची व्यवस्था हा मामांचा खास अभिमानाचा विषय. रुबागा टेकडीवर कॅथलिकांचं मोठं चर्च, नामिरेंबेवर प्रोटेस्टंटांचं, किबुलीवर मशीद. "प्रत्येक देवाला स्वतंत्र टेकडी आणि स्वतंत्र वारा. सुरुवातीला एका टेकडीवरून दुसरीवर गोळ्या झाडल्या त्यांनी, नाही असं नाही, पण नंतर शहाणे झाले." आमच्या खालच्या मजल्यावर वसईची सिसिलिया राहायची. इस्पितळात नर्स होती, जिभेनं तिखट. ती विचारायची, "मामा, खरं सांगा, आमच्या लोकांची टेकडी उंच की त्या प्रोटेस्टंटांची?" मामा गंभीरपणे म्हणत, "सिसिलिया, सरोवरावरून पाऊस निघाला की तो दोन्हींवरून एकदमच दिसतो." एवढ्यावर तिचं समाधान होत नसे. रुबागाची बाजू घेऊन ती मामांशी वर्षानुवर्षं भांडली.

शुक्रवारी सगळं बहारीन गाड्या भरून झल्लाकच्या किनाऱ्यावर जाई. मामा आमच्या गाडीत असले की अर्ध्या वाटेत, "वळवा, वळवा" म्हणून आम्हाला जबल दुखानला न्यायचे. साऱ्या देशातला सर्वांत उंच डोंगर तो. त्याच्या पायथ्याशी उभं राहून मामा एखाद्या आजारी नातेवाइकाकडे बघावं तसं वर बघत. एकदा म्हणाले, "ही टेकडी नव्हे. ही जमिनीला लागलेली उचकी आहे." आणि तरी दर दोन महिन्यांनी तिथे जाणं त्यांना चुकववत नव्हतं.

कंपालाहून त्यांनी एक रीतही आणली होती. तिथे म्हणे काम करणाऱ्या माणसाजवळून जाताना नुसतं पुढे जायचं नसतं. काम आपलं असो नसो, त्या कामाबद्दल त्याचे आभार मानायचे. "ग्येबालेको" म्हणायचं, म्हणजे बाबा रे, केलंस ते फार चांगलं केलंस. मामांनी ही रीत भर ऑगस्टात नईमच्या रस्त्यांवर सुरू केली. खड्डा खणणारे, पाटी रंगवणारे, बँकेच्या दारातला पहारेकरी, सगळ्यांचे आभार. कोपऱ्यावरचा इराणी भटारी पहिले आठ दिवस हातातली लांब सळई घट्ट धरून त्यांच्याकडे संशयानं बघत होता. महिन्याभरानं तो मामांची रोटी सगळ्यांच्या आधी काढून द्यायला लागला. "यल्ला, हाजी," म्हणजे चला हाजी, असं म्हणून. साताऱ्याच्या ब्राह्मणाला हाजी केल्याचं मामांना काहीच वाटलं नाही. "शहर असं वसतं," ते म्हणाले.

आमच्या लेकीच्या शाळेतला प्रसंग तर सगळ्या मराठी मंडळीत गाजला. परीक्षेत प्रश्न होता, सात टेकड्यांवर वसलेलं शहर कोणतं. वर्गानं रोम लिहिलं, हिनं कंपाला. बाईंनी लाल फुली मारली. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "बट मामाआजोबा मेड मी ईट इट." दुसऱ्या दिवशी मामा अर्ध्या दिवसाची रजा टाकून, कोट घालून शाळेत गेले. बाईंच्या फळ्यावर त्यांनी खडूनं अख्खं शहर काढलं, मुलागोच्या इस्पितळापासून सरोवरावरच्या बंदरापर्यंत. तिथल्या झाडांवर बसणारे टकले करकोचेही काढले, फौजदारी वकिलांसारखे खांदे पाडून बसलेले. बाईंनी अर्धा मार्क दिला. मामा म्हणाले, अर्धा रोमचाही कापा, म्हणजे न्याय होईल.

आणि मग, ऐंशीचं दशक संपत आलं असताना, मामांच्या कंपनीला कंपालातल्या जुन्या नळांच्या दुरुस्तीचं काम मिळालं. मधल्या वर्षांच्या लढायांत तिथले कागद नाहीसे झाले होते. कुठला नळ कुठून जातो हे सांगणारं कोणी नव्हतं. मामांनी चार दिवसांत सगळं काढून दिलं, कोणत्या वळणाला कोणता व्हॉल्व्ह, कोणत्या झाडाखाली कोणता जोड. साहेबानं ते बघितलं आणि मामांनाच पंधरा दिवस तिकडे पाठवायचं ठरवलं. आम्हाला वाटलं, आता हे विमानाच्या आधी उडणार. रजेचा प्रश्न नव्हता, तिकीट आलं, व्हिसा आला. पण मामा जाईनात.

कधी गुडघा दुखायचा, कधी मामींची काळजी. मामी म्हणाल्या, "माझी काळजी? बावीस वर्षं त्या शहराची सवत म्हणून नांदले मी. पंधरा दिवस सुटका तरी होईल." शेवटी एका गुरुवारी संध्याकाळी माझ्या बायकोनं त्यांना समोर बसवून सरळ विचारलं, "मामा, घाबरताय कशाला?"

मामांनी बशीतला चहा फुंकला. मग म्हणाले, "अगं, इतकी वर्षं मी माझं शहर, माझं शहर करतोय. तिथे उतरल्यावर कोणी म्हणालं, तू कोण रे, तर? एकदा म्हणाले आहेत. पुन्हा म्हणाले तर मी इथे येऊन तुम्हाला काय सांगू?"

खालून सिसिलिया चहाला आली होती. ती म्हणाली, "मग आमची परीक्षा द्या. पास झालात तर जायचं." आणि खरोखरच सुरू झालं. आमच्यापैकी कोणी आफ्रिकेचा किनाराही बघितला नव्हता, पण आम्ही प्रश्न विचारत होतो आणि मामा उत्तरं देत होते. घाबरलेला विद्यार्थी चुकतो, तसे मामाही चुकले. रुबागा आणि मेंगोची त्यांनी अदलाबदल केली. "मामा, रुबागा माझी आहे," सिसिलिया कडाडली, "ती कुठे न्यायची ते मला विचारून न्या." नाकासेरोचा बाजार टेकडीच्या माथ्यावर नेला, तो माझ्या बायकोनं पायथ्याशी आणला. रेल्वेचं स्टेशन वर चढवलं, तेव्हा लेक आपल्या खोलीतून ओरडली, "रॉंग, मामाआजोबा, द स्टेशन इज बिलो." मामा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. एक वीतही चढ नसलेल्या बेटावर, नईमच्या एका फ्लॅटमध्ये, बसल्या बसल्या चार माणसांना कंपाला तोंडपाठ होतं. "नापास," सिसिलिया म्हणाली. "आता जाऊन बघूनच या."

मामा गेले. पंधरा दिवस इमारत विचित्र शांत होती, आणि मामी दोन वेळा चुकून जास्तीचा भात लावून बसल्या.

परतले त्या दुपारी मी, बायको आणि मामी विमानतळावर गेलो. मामा बाहेर आले ते जरा वाळलेले, उन्हानं काळवंडलेले आणि गप्प. गाडी मुहर्रकच्या पुलावर आली तेव्हा बायकोनं हळूच विचारलं, "मामा, कसं आहे शहर?" मामा समुद्राकडे बघत तुटक तुटक सांगू लागले. भिंतींवर गोळ्यांच्या खुणा आहेत. रस्त्यांत खड्डे. आपल्या घरात दुसरं बिऱ्हाड आहे, भली माणसं वाटली, अंगणात केळी लावल्यात. व्हॉल्व्ह होते तिथेच सापडले, एकच सापडला नाही, त्यावर कोणी तरी दुकान बांधलंय. मामींनी फक्त एकदा विचारलं, "कोणी ओळखलं का?" ते म्हणाले, "जुनं कोणी उरलंय कुठे."

मामी त्यांचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. नईमच्या सिग्नलला गाडी थांबली, खिडक्या उघड्या होत्या, आणि मामा एकाएकी इतक्या मोठ्यांदा बोलले, की शेजारच्या टॅक्सीवाल्यानं वळून बघितलं.

"अगं, खेड्यातनं आलेल्या एका म्हातारीनं मला रस्त्यात थांबवलं, त्यांच्या भाषेत, आणि मुलागोच्या इस्पितळाकडे कसं जायचं ते विचारलं. एवढी माणसं होती रस्त्यावर, तिनं मलाच विचारलं."