सासूबाईंचं पडणं

पडावं तर माझ्या सासूबाईंनी! या एका विषयात अख्ख्या ऑकलंडमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे मी जावई असूनही सांगतो. सासरे गेल्यावर त्या मिरजेहून इथे ऑकलंडच्या हेन्डरसन भागात आमच्याकडे आल्या. पण त्यांच्या परतीच्या तिकिटाचं बायको नाव काढेना. "तिथे एकटी असताना पडलीस तर?" या प्रश्नापुढे त्यांचं काही चालत नसे. त्यांना तर स्वतःच्या घराचं दार स्वतःच्या किल्लीनं उघडायचं होतं. एकदा नातीला ज्युडोच्या क्लासला सोडायला गेल्या, तिथे मुलांना सगळ्यांत आधी नुसतं पडायला शिकवतात हे पाहिलं, आणि कोचसमोर हात जोडून, इथला माओरी नमस्कार घालून म्हणाल्या, "किया ओरा. मी पण." कोच म्हणाला, "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथल्या भाषेत, एकदम झकास.

झालं! सलवारीवर ज्युडोचा जाड पांढरा सदरा चढवून त्या पोरासोरांच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. नात ओरडायची, "आजी, टक युअर चिन!" की त्या हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून मागे लवंडायच्या आणि तळहात फाडकन मॅटवर आपटायच्या. कोच पुढचे डाव शिकवायला आला, तर त्यालाच सुनावलं, "मला कुणाला पाडायचं नाही. मला फक्त पडायचंय." घरी हॉलमध्ये कायमची गादी पसरली. आल्यागेल्याला चहाच्या आधी "पडता येतं का?" हा प्रश्न. पापाकुराहून जेवायला आलेल्या मित्राच्या वडिलांना तर त्यांनी चांगल्या इस्त्रीच्या झब्ब्यात गादीवर आडवं केलं. "हात टेकू नका, मनगट जाईल. आपटा, आपटा!" बिचारे आपटत राहिले.

आणि मग हिवाळ्यात, वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून त्या डेकवर गेल्या. लाकूड पावसानं निसरडं झालेलं, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता. आम्ही दोघं खिडकीतून बघत असतानाच त्यांचा पाय सटकला. कपडे उडाले, पाठोपाठ फाडकन आवाज. बायको किंचाळत धावली. सासूबाई डोक्यावर माझा टॉवेल घेऊन शांत बसल्या होत्या. कोपर तेवढं खरचटलं होतं. "अगं, रडतेस काय? हनुवटी बघितलीस का माझी?" बायको रडता रडता हसायला लागली आणि त्याच संध्याकाळी तिनं त्यांचं परतीचं तिकीट काढलं. मी ऑफिसात आठवडाभर हीच गोष्ट सांगत होतो. इतका अभिमान मला स्वतःच्या प्रमोशनचाही वाटला नव्हता.

आता त्या मिरजेला आहेत, स्वतःच्या घरात, एकट्या. बायको रोज फोन करते आणि जेवलीस का, हे विचारायच्या आधी विचारते, "आज पडलीस का?" पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज येतो, मग गादीवर फाडकन हात आपटल्याचा. तो ऐकल्याशिवाय बायको फोन बंद करत नाही. मीही शेजारी बसून ऐकतो. आमच्या हॉलमधली गादी मात्र अजून कुणी उचललेली नाही.