गुडघा आणि न्हावऱ्याचा स्पीडब्रेकर

माझ्या उजव्या गुडघ्यातलं हाड मेलं, तेव्हा मी गवार तोडत होते. पडले नाही, धडपडले नाही. उठताना आतून अशी कळ आली की बांधावरच बसले. शिरूरच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं, हाडाच्या एवढ्याशा भागाचा रक्तपुरवठा बंद पडलाय आणि तेवढं हाड मेलंय. असं आपोआप होतं. दोन महिने पायावर भार द्यायचा नाही, हाड खचलं तर सांधाच बदलावा लागेल.

आमच्या गावात, मांडवगणात मात्र ‘आपोआप’ चालत नाही. बघायला येणारा प्रत्येक जण चहाआधीच विचारायचा, “पडला कुठं?” नाही म्हटलं की त्याचा हिरमोड व्हायचा. एक मामा तर “आठवून बघा, मोटर चालू करताना घसरला असाल,” म्हणत चहाचे दोन कप संपेपर्यंत हलले नाहीत. न्हावऱ्याची माझी नणंद त्याहून पुढची.

“बसल्या जागी हाड मरतंय व्हय? घरात काय तरी हाय. कुणाला तरी दाखवा.”

मी हसले, पण तिने पुन्हा तेच म्हटल्यावर हसणं थांबवलं. आमचे हे तेव्हा स्वयंपाकघरात चपात्यांशी झुंजत होते. तिथूनच म्हणाले, “घरात काय न्हाई. मीच गाडी आदळली. तुमच्या न्हावऱ्याच्या स्पीडब्रेकरवर.”

झालं, सगळ्यांचं समाधान झालं. नणंदेने भावाला मनसोक्त झापलं आणि देवऋषी राहिला बाजूला. दुसऱ्या दिवसापासून डेअरीवर जो तो यांनाच बोलू लागला. हे मान खाली घालून ऐकायचे. गाडी आदळली होती हे खरं, पण तेव्हा पिशवीतली अंडी तेवढी फुटली होती, मला काही झालं नव्हतं. मी मनात म्हणायचे, काय सोंग वठवतोय हा माणूस.

शेवटच्या तपासणीत हाड टिकलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, आता चाला. मी काठी टेकून उभी राहते तोच यांनी विचारलं, “साहेब, गाडी आदळल्यानं झालं असंल का?” आवाज इतका बारीक की डॉक्टरांनी “काय?” म्हणून पुन्हा विचारलं.

“छे, त्याचा काही संबंध नाही,” डॉक्टर म्हणाले.

मी बघतच राहिले. दोन महिने हा माणूस ते खरं मानून बसला होता आणि मी त्याच्या चपात्यांच्या आकाराला हसत होते. मला रडूच आलं.

चार दिवसांनी नणंदेकडे जायला मी पुन्हा गाडीवर मागे बसले. स्पीडब्रेकरच्या अलीकडे यांनी गाडी थांबवली.

“उतर.”

“अहो, डॉक्टरांनी सांगितलं ना?”

“सांगितलं की. उतर.”

मी उतरले. त्यांनी गाडी ढकलत पलीकडे नेली आणि उभे राहिले. मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देत होता. मी माझ्या पायांनी सावकाश चालत त्यांच्यापर्यंत गेले आणि भर रस्त्यात त्यांच्या खांद्याला घट्ट धरून मागे बसले.