उपवासाची कापिरोतादा

आमच्या सुमित्रावहिनीला स्वयंपाकातलं शिकवायला जाऊ नये, हे आमच्या अख्ख्या चेरीताल मोहल्ल्याला ठाऊक आहे. वर्ध्याहून लग्न होऊन जबलपूरला आली आणि दादाच्या फॅक्टरीतल्या हिंदी दोस्तांना तिनं वडाभाताची चटक लावली. मी तिची नणंद. नावं ठेवणं माझा हक्कच, पण तिच्या हाताला नाव ठेवायची संधी बाईनं मला कधी दिली नाही.

म्हणून यंदा तिचा चेहरा उतरला तेव्हा मलाच राग आला. तिच्या लेकाची, प्रसन्नची, मेक्सिकन बायको रोसिओ पहिल्यांदाच सासरी आली होती आणि दोन घास खाऊन ताट सरकवायची. "ताई, माझ्या हाताची चव गेली का हो?" वहिनी मला विचारायची.

गुड फ्रायडे जवळ आला तसा प्रसन्न म्हणाला, "आई, या दिवसांत तिच्याकडे उपवास असतात नं, तेव्हा कापिरोतादा करतात. भाजलेला पाव, दालचिनी घातलेला गुळाचा पाक, वर दाणे, मनुका, चीज."

वहिनीनं पदर खोचला. पण उपवासाला पाव? पोरगाच ऐकण्यात चुकला असणार, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. राजगिऱ्याच्या जाड भाकऱ्या खरपूस भाजल्या, तुकडे पातेल्यात रचले, वर पाक, दाणे, मनुका आणि घरचं पनीर. मग झाकण ठेवून मंद आचेवर मुरू दिलं.

वाढल्यावर प्रसन्न ओरडलाच. "आई, यात ब्रेड कुठंय?"

"काहून रे, तिचा उपास मोडायला सांगून राहिला का?"

"अगं, त्यांच्यात ब्रेड चालतो! फक्त मटण चालत नाही."

वहिनीचं तोंड एवढंसं झालं. मी प्रसन्नवर डोळे वटारले. रोसिओनं एक घास घेतला, थांबली. मग दुसरा, तिसरा, आणि रिकामी बशी पुढे केली. वहिनीचा मला असा अभिमान वाटला म्हणून सांगू!

तेवढ्यात रोसिओच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे घरोघरची कापिरोतादा निराळी आणि जो तो आपल्याच घरची खरी म्हणतो, असं प्रसन्न सांगत होता. रोसिओच्या आईनं बशी पाहून विचारलं, ही कुणाच्या घरची?

रोसिओ काहीतरी बोलली. प्रसन्न वहिनीकडे वळला. "आई, ती म्हणते, आमच्या घरची."

वहिनीनं डोळे पुसले आणि मान ताठ केली. "मग सांग विहीणबाईंना," ती म्हणाली, "आमच्यात राजगिऱ्याचीच असते."