खोबरेलात तळलेली मरळ

१९५४ च्या जूनमध्ये माझी बदली बारामतीहून इंदापूरच्या दवाखान्यात झाली. काम तेच होतं. आठ वाजता ड्रेसिंग, दहाला बाहेरचे पेशंट, दुपारी बाळंतिणींच्या घरी फेरी. राहायला दोन खोल्यांची क्वार्टर होती, मागच्या पडवीत चूल. बारामतीला भावाच्या घरी मासळी चालत नसे. इथं चूल माझी एकटीची होती, तरी पहिले चौदा महिने मी तिच्यावर मासा चढवला नाही.

युद्धाच्या काळात मी लष्करी नर्स होते. हुद्दा सिस्टरचा, मान ऑफिसरचा. सिलोन बेटावर एका बंदराजवळ आमचं इस्पितळ होतं. वॉर्ड म्हणजे बांबूच्या भिंती आणि वर नारळाच्या झावळ्यांचं छप्पर. माझ्या वॉर्डात चाळीस खाटा होत्या. वॉर्डापासून थोड्या अंतरावर कुकहाउस, आणि तिथला एक कुक दगडू नगरे. राहणार पळसदेव, तालुका इंदापूर. जातीनं भोई. नदीवर वाढलेला, त्यामुळं मासा साफ करायला त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. बेटावरच्या पद्धतीनं तो कसा तळायचा, हे मात्र तो तिथं शिकला.

इंदापूरहून पळसदेव मोटारीनं तासाभरावर. मी गेले नाही. रोज काहीतरी काम असे, आणि नसलं तर मी काढत असे.

पंचावन्नच्या ऑगस्टमध्ये एक बाई दवाखान्यात रांगेत उभी राहिली. तिशी उलटलेली, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. नंबर आला तेव्हा मी विचारलं, काय होतंय. काही होत नाही म्हणाली. तिचं नाव सारजा. दगडू नगरेची बायको. शिस्टरबाई लंकेच्या इस्पितळात होत्या असं तिनं बाजारात ऐकलं होतं.

मी तिला बाकावर बसवलं आणि रांग संपवली. मग तिची हकीकत ऐकली. दगडू लढाईवर गेला तेव्हा मुलगी तीन वर्षांची. पुढं सरकारी कागद आला. त्यात तो हजेरीत नाही, पत्ता लागत नाही, असं होतं. गावात ज्यानं कागद वाचला त्यानं सांगितलं, याचा अर्थ पळाला. त्याच्या आधी दगडूचं एक पत्र आलं होतं, कारकुनाकडून लिहून घेतलेलं. ते चावडीवर मोठ्यानं वाचलं गेलं. त्यात होतं, इथं एक बाई मासा खोबरेलात तळते, मी तिच्याकडून शिकलो, घरी आल्यावर तुला करून घालीन. गावानं दोन्ही कागद जोडले. दगडूनं बेटावर घर केलं, असं ठरलं. तेरा वर्षं सारजानं ते ऐकलं. आता मुलीला बावड्याचं स्थळ आलं होतं. त्यांनी एकच विचारलं होतं, पोरीचा बाप हाय का न्हाय? असेल तर लग्नाला येऊ दे. मेला असेल तर तसा कागद दाखवा. पळालेल्याची पोर आम्हाला नको. उत्तरासाठी त्यांनी पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली होती.

"ती बाई कशी व्हती, येवढं सांगा," सारजा म्हणाली.

मी सांगितलं. साठीची होती. समोरचे दोन दात सोडले तर तोंडात काही नव्हतं. पहाटे इस्पितळाच्या फाटकावर टोपली घेऊन बसायची आणि दगडूला शिव्या देत शिकवायची.

सारजा हसली नाही. तो मासा करून दाखवा म्हणाली, रविवारी सासऱ्याला घेऊन येते, मासा आम्हीच आणू. मी हो म्हटलं. दगडू मेला, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. ते मला तेरा वर्षं माहीत होतं.

रविवारी साडेनऊ वाजता दोघं आली. सासरे, आबा, सत्तरीचे, हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या दोन मरळी. भीमेला पाणी चढलेलं, तरी त्यांनी कुठल्याशा ओढ्याच्या तोंडाशी गळ लावून त्या धरल्या होत्या. आबांनी पडवीतच बसून खवले काढले, मी बोटभर जाडीचे काप केले. मीठ, हळद, दोन मोठे चमचे लाल तिखट, भाजून भरड कुटलेली मिरी, आलं-लसूण, चिंचेचा घट्ट कोळ. बेटावर चिंचेऐवजी एक वाळलेलं आंबट फळ घालतात, ते इथं मिळत नाही. कढीपत्ता हातानं चुरून लावला. तासभर मुरवायचं.

आबांनी ज्वारीचं पीठ कुठं आहे विचारलं. पीठ लागत नाही म्हटलं.

"मग काय उघडाच सोडायचा तेलात? बिचाऱ्याला थंडी वाजंल की."

मी खोबरेलाची बरणी काढली, तेव्हा त्यांनी सुनेकडं पाहिलं. "ह्यो डोक्याला लावायचा जिन्नस हाय, बाई. मासा खायचा का त्याची येणी घालायची?"

सारजा म्हणाली, "गप बसा, आबा. त्यांनी पत्रात ह्येच लिवलं व्हतं."

अकरा वाजता मी चूल पेटवली. तेल तापायला ठेवलं आणि दोघांना सांगितलं, की मासा होईपर्यंत मला काही सांगायचं आहे, मध्ये बोलू नका.

वॉर्डाचं छप्पर झावळ्यांचं असल्यामुळं आगीची भीती सर्वांत मोठी होती. मी स्वतःच्या हातानं ऑर्डर लिहून कुकहाउसच्या दारावर लावली होती. सायरन होताच आधी कढई उतरवायची, झाकायची, चूल वाळूनं विझवायची, मग ट्रेंचमध्ये, म्हणजे खंदकात, उतरायचं. ती ऑर्डर योग्य होती. आजही मी तीच लिहीन.

बेचाळीसच्या एप्रिलमध्ये एके दिवशी सकाळी सव्वासातला सायरन झाला. चालू शकणारे पेशंट बाहेर काढले. अठरा जणांना हलवता येण्यासारखं नव्हतं. त्यांना खाटांखाली घेतलं आणि ऑर्डर्ली त्यांच्यापाशी ठेवले. मी ट्रेंचमध्ये उतरले तेव्हा दगडू तिथं होता. हात तिखटानं लाल. विमानांचा आवाज बंदराच्या बाजूनं येत होता. कुकहाउसच्या छपरातून धूर निघत होता.

मी विचारलं, "चूल विझवली?"

"न्हाय, बाई. कढई वर हाय."

"जा. कढई उतरव. वाळू टाक."

"जी."

तो गेला. मी ट्रेंचच्या कडेवरून पाहिलं. तो दोन्ही हातांत कढई धरून बाहेर आला, धावला नाही, तेल सांडू नये म्हणून चालत आला. वॉर्डापासून लांब वाळूत त्यानं ती ठेवली, वर परात झाकली. पुन्हा आत गेला. धूर थांबला. मग बॉम्ब पडला तो कुकहाउसवर. वॉर्डाला आग लागली नाही. अठराच्या अठरा पेशंट वाचले.

साडेदहाला रोल कॉल झाला. यादी मी भरत होते. जो समोर उभा नाही आणि ज्याचं प्रेत मिळालं नाही, त्याच्यापुढं काय लिहायचं याचा नियम होता. मी लिहिलं, ॲबसेंट. संध्याकाळी शोधून दुरुस्त करू असं मनात होतं. दुपारी दोनला इस्पितळ हलवण्याचा हुकूम आला. यादी वर गेली. महिन्याभरानं एक छापील कागद आला, सदर इसमाला शेवटचं कुणी, कुठं पाहिलं? मी लिहिलं, ट्रेंचमध्ये, सायरननंतर, मी पाहिलं.

ते खोटं नव्हतं. पण ट्रेंचमधून तो बाहेर का गेला, हे लिहिलं असतं तर हल्ला चालू असताना माणूस बाहेर कुणी पाठवला, हे विचारलं गेलं असतं. कढई वेळेवर उतरली की नाही हे पाहणं माझं काम होतं. मी वॉर्डात गुंतले होते. म्हणून मी अर्धंच लिहिलं.

एवढं सांगून मी थांबले. तेल धुरावलं होतं. काप सोडले. कढीपत्ता तडतडला.

आबांची मान खाली होती. सारजानं पहिल्यांदा विचारलं ते हे:

"म्हंजी तुमी धाडलं त्यांना."

"हो."

"आन् तेरा वर्सं गप बसलात."

"हो."

"भ्यालात व्हय?"

"हो."

तिनं मान हलवली. जणू एवढंच तपासून घ्यायचं होतं. मी काप उलटले. कडा काळसर झाल्यावर काढले, त्याच तेलात कांदा आणि हिरव्या मिरच्या परतून वर घातल्या. मग मी म्हटलं, की कागद आणि दौत तयार आहे. जे आत्ता सांगितलं ते सगळं लिहून, सही करून देते. एक प्रत लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला, एक बावड्याला.

आबा तेव्हा बोलले. "नगं. लिवलं की हिचं कुकू गेलं. पळाला तर पळाला. कुठंतरी हाय म्हनून तरी घरात सवाशीन हाय. पोरीला दुसरं स्थळ बघू."

"कुकू माझं हाय, आबा," सारजा म्हणाली. आवाज चढवला नाही. "तेरा वर्सं मी पळपुट्याचं कुकू लावलं. बाया हळदीकुकवाला बोलवायच्या आन् मागनं हसायच्या. पोरीच्या लग्नात मी मागं हुभी राहीन. पन तिच्या बापाला कुनी पळाला म्हननार न्हाय."

मी दौत पुढं ओढली. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आत्ता नगं. आधी जेवू द्या. एकदा लिवलं की मला सुतक. मग ह्यो मासा मला खाता यायचा न्हाय."

मी दोघांना ताटं वाढली. भाकरी, चार-चार काप, लिंबाची फोड. आबांनी आपल्या ताटाला हात लावला नाही. ते उठून पडवीच्या कडेला जाऊन बसले, आमच्याकडं पाठ करून. सारजा सावकाश जेवली. काटे काढून ताटाच्या एका बाजूला ओळीनं ठेवत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिखटामुळं की कशामुळं, हे मी विचारलं नाही. तिसऱ्या कापाला म्हणाली, "त्यांना तिखाट सोसत नव्हतं. घरी मी मिरची कमीच घालायची." मग चौथाही खाल्ला. कांदा भाकरीनं पुसून घेतला.

हात धुऊन ती माझ्यासमोर बसली. "लिवा आता."

मी लिहिलं. साडेबारा ते सव्वा. प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवली. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, कर्तव्यासाठी तो परत गेला. तिनं ते खोडायला लावलं. म्हणाली, "तसं नगं. तुमी जा म्हनालात, म्हनून गेला. तसंच लिवा." मी तसं लिहिलं आणि खाली सही केली. तिनं मागच्या नळावर अंगावरच्या लुगड्यासकट आंघोळ केली. बांगड्या तिनं स्वतः दगडावर वाढवल्या. मी मदतीला गेले, तिनं हातानं लांब केलं.

सोमवारी आबा तो कागद घेऊन बावड्याला गेले. तिथल्या मंडळींनी तो गावच्या शिक्षकाकडून दोनदा वाचून घेतला आणि स्थळ ठरलं. लग्न मार्गशीर्षात झालं. सारजा मांडवाच्या मागच्या खांबापाशी उभी होती. कन्यादान आबांनी केलं. मलाही बोलावणं होतं. मी गेले, पण तिच्याशी बोलणं झालं नाही. तिनं पाहिलं, मान वळवली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर सात महिन्यांनी आलं. दगडूच्या नावापुढचा शब्द बदलला होता. शत्रूच्या कारवाईत मृत्यू. मला कुणीही काहीही विचारलं नाही. चौकशी नाही, ठपका नाही. ज्याला मी तेरा वर्षं भ्याले ते कधी येणारच नव्हतं.

दगडू नगरे, कुक. राहणार पळसदेव. वय सव्वीस. ट्रेंचमध्ये तो माझ्या डाव्या हाताला बसला होता, आणि जा म्हटल्यावर त्यानं कारण विचारलं नाही.