ओळखीचं कोणी नसलेलं गाव

आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी खोक्यावर गुडघा ठेवायचे, दोन्ही हातांनी झाकण दाबायचे आणि खोक्यालाच सांगायचे, "श्वास सोड." खोकं खरंच जरासं खाली बसायचं. मग आमच्याकडे न बघता ते म्हणायचे, "बसतंय हो, सगळं बसतंय." कुवेतच्या अबू हलीफातल्या कितीतरी मराठी घरांची सुट्टी या वाक्याने सुरू झालेली आहे.

आखातात राहिलेल्या वाचकाला खोकं म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. इथून गावी जाणारा माणूस सूटकेस नेतो ती स्वतःसाठी आणि खोकं नेतो ते जगासाठी. त्यात दुधाची पावडर, बदाम, खजूर, साबण, गुडघेदुखीचा बाम, एक जाडजूड ब्लँकेट आणि शेजाऱ्याने त्याच्या मेव्हण्यासाठी ऐनवेळी आणून दिलेली इस्त्री असते. हे सगळं बसवणं ही एक विद्या आहे आणि ती त्यांच्याइतकी कुणालाच येत नव्हती. पोटापाण्यासाठी ते एका दवाखान्यात एक्स-रे काढायचे. दिवसभर लोकांना श्वास घ्या, धरा, सोडा असं चार भाषांत सांगून त्यांना खोक्याशीही तसंच बोलायची सवय लागली असावी.

आम्ही त्यांच्या अगदी खालच्या फ्लॅटमध्ये राहतो. संध्याकाळी वरून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला की माझी बायको म्हणायची, कुणीतरी चाललं वाटतं. आता ते दोघं कुवेत सोडून रत्नागिरीला राहायला गेलेत. वर आलेलं नवीन कुटुंब चिकटपट्टी वापरत नाही आणि आमची संध्याकाळ उगाचच शांत जाते.

त्यांची बायको, आमच्या वहिनी, सरकारी इस्पितळात नर्स होत्या. मूळच्या साताऱ्याकडच्या. त्या कमी बोलतात असा आमचा बरीच वर्षं समज होता. खरी गोष्ट अशी की त्यांच्या वाट्याला बोलणं येतच नसे. त्यांनी तोंड उघडलं की त्यांचे हे म्हणायचे, "हिला काय म्हणायचंय ते मी सांगतो," आणि सांगून मोकळे व्हायचे. तुम्हीही अशी जोडपी पाहिली असतील. आपण नवऱ्याच्या गप्पांना हसतो आणि बायकोला आणखी एक पोळी वाढायला सांगतो.

त्यांचा संसार सुरू झाला इथल्याच अब्बासियातल्या एका फ्लॅटमध्ये, जिथे आणखी दोन कुटुंबं राहायची आणि मध्ये पडदा होता. पुढे स्वतःचा फ्लॅट मिळाला तेव्हा ड्युट्या उलटसुलट झाल्या. हे घरी यायचे तेव्हा त्या निघायच्या. दर वर्षीची सुट्टी खोकी पोचवण्यात जायची. आपली पोचवून झाली की लोकांची. लग्नानंतर महाबळेश्वरला गेले तेव्हाही ह्यांनी आत्याला बरोबर घेतलं होतं, कारण तिला बिचारीला कोण दाखवणार होतं. आत्याने तिन्ही रात्री मधल्या पलंगावर झोपून काढल्या. ही गोष्ट ते फार रंगवून सांगत आणि आम्ही पोट धरून हसत असू. वहिनीही हसायच्या, पण थोड्या उशिरा.

मुलगी शिकायला कॅनडाला गेली त्या वर्षी एका शुक्रवारी आम्ही चौघं आमच्याकडे जेवत होतो. आता सुट्टीत कुठे जाणार असं माझ्या बायकोने विचारलं. हे नेहमीप्रमाणे म्हणाले की हिला काय म्हणायचंय ते मी सांगतो. वहिनींनी हातातला घास खाली ठेवला.

"मीच सांगते," त्या म्हणाल्या. "मला एकदा अशा गावाला जायचंय, जिथे ह्यांच्या ओळखीचं कोणी नाही."

ते हसले. असं गाव नाहीच, असं त्यांचं म्हणणं. आणि ते अगदी खोटंही नव्हतं. जॉर्जियाला मित्राचा मुलगा डॉक्टर होत होता, बँकॉकला जुना रूममेट होता, तुर्कस्तानात कुणाची तरी भाची दिली होती. पण वहिनींनी इस्पितळाच्या बसमध्ये फोनवर शोधाशोध करून गाव आधीच काढलेलं होतं. बोलिव्हियातलं ला पाझ. डोंगरांच्या मध्ये वाडग्यात बसवल्यासारखं शहर, सगळे रस्ते चढाचे, आणि लोक कामाला जातात ते डोक्यावरून तारेवर जाणाऱ्या पाळण्यांतून. तरुण जोडपी तिथे पाठीवर एकेक पिशवी टाकून हिंडतात, तसं आपण हिंडायचं. मग त्यांनी अटी सांगितल्या. खोकं नाही. कुणासाठी काही नाही. कुणाकडे जाणं नाही.

"आणि एक पाकीट जरी निघालं," त्या म्हणाल्या, "तरी मी पुढे एकटी जाईन. परतही एकटीच येईन."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणून मला जास्त भीती वाटली. ह्यांनी पहिल्यांदा पानातलं सगळं मुकाट्याने संपवलं.

पुढचे काही आठवडे आमची बिल्डिंग वेडी झाली होती म्हटलं तरी चालेल. उंचावर हवा विरळ असते, सराव पाहिजे, असं ह्यांनी कुठेतरी वाचलं. आता अख्ख्या कुवेतमध्ये चढ म्हणून जो काही आहे तो फ्लायओव्हरचा. म्हणून ऐन जूनमध्ये, जेव्हा बाहेर उभं राहिलं तरी चपलेचा तळ मऊ पडतो, तेव्हा हे दोघं स्वेटर घालून, कानटोपी घालून, पाठीवर तांदळाच्या पिशव्या भरलेल्या सॅक घेऊन जिना चढू-उतरू लागले. जिन्याला एसी नाही. समुद्राकाठच्या बिल्डिंगचा जिना कितीही चढला तरी हवा काही विरळ होत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, निदान सवय तर लागेल. कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही.

बिल्डिंगचा रखवालदार, ज्याला इथे हारिस म्हणतात, इजिप्तचा म्हातारा होता. त्याने रोज सामान खाली जाताना पाहिलं. वर येताना पाहिलं नाही, कारण तेव्हा तो चहा प्यायला गेलेला असे. हे घर सोडतायत अशी त्याची खात्री झाली आणि त्याने एक सीरियन कुटुंब फ्लॅट बघायला पाठवलं. दुसरा कोणी असता तर दारातूनच परतवलं असतं. ह्यांनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि त्यांचं कपाट कुठे राहील असा प्रश्न निघाला तेव्हा स्वतः पट्टी आणून भिंत मोजून दिली. "बसतंय," असं अरबीतही सांगितलं. वहिनी ड्युटीवरून आल्या तर त्यांच्या बेडरूममध्ये अनोळखी माणसं पडद्यांच्या रंगावर वाद घालत होती. त्यांनी सगळ्यांना चहा झाला का एवढंच विचारलं.

अटी पाळायच्या त्यांनी मनापासून ठरवलं होतं, यात मला शंका नाही. पण हात शिवशिवायचे. व्हॉट्सअॅपवरच्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी हळूच विचारलं, ला पाझमध्ये कोणी मराठी आहे का. कोणी नव्हतं. मात्र एकाने लिहिलं की पेरूमध्ये माझा एक मित्र आहे, जाताय तर वाटेतच पडेल, थोडे काजू न्याल का. हे त्या दिवशी खाली येऊन माझ्याजवळ बसून राहिले. ओळखीचं कुणीच नसलेलं गाव माणसाला हवंसं कसं वाटू शकतं, असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. वहिनी बाहेर गेल्या होत्या. त्यांच्या सॅकचं तोंड बंद होत नव्हतं आणि गुडघा सॅकवर होता. मी एक स्वेटर उचलला तर बाहीतून खजूर निघाले. मोज्यांत बाम होता. कानटोपीत बदाम. घडी घातलेल्या पँटच्या पायांत साबणाच्या वड्या एकामागोमाग बसवल्या होत्या, आणि खरं सांगतो, काम इतकं सुबक होतं की काही ओढून काढायला जीव होईना.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

त्यांनी सॅकचा बंद आवळला. मग म्हणाले, "तिथे माणसं राहतात ना? कुणीतरी भेटेलच की."

पुढचं सगळं मी दोघांकडून ऐकलेलं आहे, थोडं फोनवर, थोडं नंतर. ला पाझला विमान उतरतं तेच डोंगराच्या माथ्यावर. गेस्ट हाऊस एका उभ्या गल्लीच्या वरच्या टोकाला होतं. वहिनी सॅक घेऊन सरळ चढून गेल्या. माहेरी त्या विहिरीवरून हंडा घेऊन असंच चढायच्या. हे मात्र तिसऱ्या दारापाशी बसले. डोकं ठणकत होतं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. वहिनींनी त्यांना हाताला धरून वर नेलं, झोपवलं आणि अंगात घालायला म्हणून त्यांच्या सॅकमधून स्वेटर काढला. खजूर जमिनीवर पसरले.

त्यांनी खजूर गोळा करून टेबलावर ठेवले. मग आपली सॅक आवरून दाराशी नेऊन ठेवली. सकाळी गावात हिंडायला एकटी जाणार आणि परतीचं तिकीटही बदलणार, असं त्या शांतपणे म्हणाल्या आणि दिवा घालवला. हे सांगताना ह्यांचा चेहरा नंतरही पडायचा. इतक्या वर्षांत मी तिला असं गप्प केलं की तिला बोलायला जगाच्या टोकाला यावं लागलं, आणि तिथेही मी साबण घेऊन गेलो, असं ते म्हणाले.

सकाळी त्या अंघोळीला गेल्या तेवढ्यात ह्यांनी ठरवलं की मुद्देमाल संपवून टाकायचा. सगळं पंच्यात बांधून भिंतीला धरत धरत ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत उतरले. तिथे दम संपला. म्हणून फुटपाथवर पंचा पसरून बसले. आता तिथे गोल टोप्या आणि घेरदार झगे घातलेल्या बायका रांगेने माल मांडून बसतात. शेजारच्या बाईने आपल्या बटाट्यांचा ढीग सरकवून त्यांना जागा दिली. गिऱ्हाईक आलं. ह्यांना स्पॅनिशचा गंध नाही, आणि कुवेतच्या सवयीने तोंडात आलं ते "हदिया, हदिया", म्हणजे अरबीत भेट. लोकांना वाटलं मालाचं नाव आहे. पैसे घेत नाही म्हटल्यावर लोकांना संशय यायला लागला. एका म्हाताऱ्याने बामची डबी उजेडात धरून तपासली. शेवटी बटाटेवाल्या बाईने तोड काढली: एक वाटी खजूर घेतले आणि वाळवलेल्या बटाट्यांची एक पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. मग सगळ्यांना रीत कळली. मोजे आले, विणलेल्या टोप्या आल्या, भाजलेले मक्याचे दाणे आले, एक जिवंत कोंबडी आली, ती त्यांनी हात जोडून परत केली.

वहिनी सॅक पाठीला लावून उतरल्या त्या नेमक्या तिथेच आल्या. नवरा दोन बाजारकरणींच्या मध्ये धापा टाकत बसलेला, पुढे नेला त्याच्या दुप्पट माल, आणि तो खुणेने विचारतोय की एखादं रिकामं खोकं मिळेल का.

त्या म्हणतात, मला रागवायचं होतं. पण हसू आलं, आणि तिथल्या हवेत एवढं हसता येत नाही, म्हणून त्यांनाही फुटपाथवर बसावं लागलं. बटाटेवालीने दोघांना कसल्याशा पानांचा गरम चहा दिला. चहा संपल्यावर वहिनी हसायच्या थांबल्या.

"तुम्हाला इथे कुणी ओळखत नाही, तरी तुम्ही सगळ्यांशी बोललात," त्या म्हणाल्या. "माझ्याशी कधी बोलणार?"

ह्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दोन शब्दांनंतर श्वास संपला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा संपला. तिसऱ्यांदा वहिनींनीच त्यांचा हात धरला, गप्प बसायला सांगितलं आणि मीच बोलते म्हणाल्या. आणि बोलायला लागल्या.

सगळे दिवस तसेच गेले. पाळण्यात बसून या डोंगरावरून त्या डोंगरावर जायचं; त्या बोलायच्या आणि हे ऐकायचे. काय बोलल्या ते मला माहीत नाही. ह्यांनी कधी सांगितलं नाही, आणि त्यांनी एखादी गोष्ट न सांगण्याची माझ्या आठवणीतली ही पहिलीच वेळ. मी खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "अहो, तिथे हवाच नव्हती, मी मध्ये बोलणार कशानं? आणि ही इतकं छान सांगते." एवढं बोलून ते उठून बाल्कनीत गेले. मोजे, टोप्या, बटाटे सगळं तिथेच गल्लीतल्या घरांना वाटून आले होते. ह्यांच्या डोक्यावरची एक टोपी तेवढी राहिली.

ते परत आले त्या दुपारी मी विमानतळावर गेलो होतो. त्यांनी येऊ नका म्हणून सांगितलं होतं. पण आपल्यात कुणी परगावाहून येतं आणि दारात न्यायला कुणी नाही, असं होत नाही. सवयीने ट्रॉलीही धरून ठेवली होती. बाहेर धुळीचं वादळ होतं आणि काचेपलीकडे सगळं पिवळं दिसत होतं.

ते बाहेर आले. पाठीवर रिकाम्या, लोंबणाऱ्या सॅक. ह्यांच्या डोक्यावर कानांवरून गोंडे सोडलेली लोकरीची टोपी, कुवेतच्या उन्हाळ्यात. वहिनी बोलत होत्या. हातवारे करून, मध्येच थांबून, पुन्हा आठवून बोलत होत्या. आणि हे मान त्यांच्या बाजूला कलती करून ऐकत होते. मी हात वर केला. ते माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले आणि दोघांपैकी कुणालाही मी दिसलो नाही.

हाक मारणं सोपं होतं. नाव ओठांवर आलंही होतं. पण वहिनींचं वाक्य अर्ध्यावर होतं. मी ट्रॉली परत रांगेत लावली आणि त्यांना बरंच पुढे जाऊ दिलं.